क्वीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न, एका जुन्या चाहत्याची उत्तरं

क्वीन या बँडबद्दल मराठीत बोलायला-लिहायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येत राहतात. पाचगणीचा प्रश्न उन्हाळ्याच्या सुट्टीत हमखास वाढतो, चित्रपटाचा बारमाही असतो. सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, भांडणाचे नंतर. एक मात्र आधीच सांगतो. मला फ्रेडी जितका आवडतो तितकेच बाकीचे तिघेही आवडतात, त्यामुळे त्यांची बाजू जागोजागी घेतलेली दिसेल.

१. क्वीन म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचा बँड ना? बाकीचे कोण होते?

चौघांचा बँड. गायन आणि पियानो फ्रेडी मर्क्युरी, गिटार ब्रायन मे, ड्रम्स रॉजर टेलर, बास गिटार जॉन डीकन. लंडनमध्ये १९७० साली सुरुवात झाली, डीकन १९७१ मध्ये आला, पहिला अल्बम १९७३ मध्ये निघाला. तिथून १९९१ मध्ये फ्रेडी जाईपर्यंत या चौघांत एकही बदल झाला नाही. रॉकच्या दुनियेत इतका टिकलेला संसार क्वचितच सापडतो.

ब्रायन आणि रॉजर आधी 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये होते आणि फ्रेडी त्यांच्या मित्रमंडळींपैकी एक होता. क्वीन हे नाव मात्र त्याने सुचवलं. बोधचिन्हही त्याचंच, कारण ईलिंगच्या आर्ट कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. त्यातले दोन सिंह म्हणजे सिंह राशीचे रॉजर आणि जॉन, खेकडा म्हणजे कर्केचा ब्रायन, दोन पऱ्या म्हणजे कन्या राशीचा फ्रेडी, आणि सगळ्यांच्या वर फिनिक्स पक्षी. बाकी ब्रायन खगोलभौतिकीचा, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आणि रॉजर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला. 'आधी डिग्री घे, मग काय ते वाजव' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांनाही हा बँड चालला असता.

२. ऐकायला सुरुवात कुठून करू?

सगळे १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'कडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम तोच. पण तिथेच थांबू नका. त्यानंतर 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९७५) पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये काही न गाळता ऐका. मग 'शीअर हार्ट अटॅक' (१९७४), मग थेट 'इन्युएंडो' (१९९१). 'हॉट स्पेस' (१९८२) शेवटी ठेवा. त्यातलं डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' तेवढं आधी ऐकलंत तरी चालेल.

माझा स्वतःचा कौल 'क्वीन टू'ला (१९७४). त्या एलपीच्या बाजूंना 'साइड वन, साइड टू' नव्हे, 'व्हाइट' आणि 'ब्लॅक' अशी नावं होती. व्हाइट बाजूवर जवळजवळ सगळी गाणी ब्रायनची, ब्लॅक पूर्ण फ्रेडीची. पुढे 'बोहेमियन रॅप्सडी'त जे सापडतं त्याचा कच्चा आराखडा या ब्लॅक बाजूवर आहे.

३. गाणी कोण लिहायचं? सगळी फ्रेडीचीच का?

नाही, आणि क्वीनचा वारसा समजायचा तर हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली.

'बोहेमियन रॅप्सडी', 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह', 'वुई आर द चॅम्पियन्स', 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' ही फ्रेडीची. 'वुई विल रॉक यू', 'हॅमर टू फॉल', 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर' ब्रायनची. 'रेडिओ गा गा' रॉजरचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट', 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' आणि 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्या कोपऱ्यात गप्प उभ्या असणाऱ्या डीकनची. यातलं शेवटचं लिहिण्यासाठी तो इलेक्ट्रिक पियानो शिकला. फ्रेडीला त्या वाद्याचा आवाज आवडत नव्हता, म्हणून रेकॉर्डवर ते डीकननेच वाजवलं आहे.

यावरून भांडणंही झाली. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला रॉजरचं 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार' होतं. सिंगल खपली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखेच पैसे, त्यामुळे जग विकत घेत होतं फ्रेडीचं गाणं आणि कमाई रॉजरचीही होत होती. हे बाकीच्यांना बरीच वर्षं खुपत राहिलं. शेवटी 'द मिरॅकल' (१९८९) पासून त्यांनी ठरवलं, की गाणं कोणीही लिहो, नाव क्वीनचं लागेल.

४. फ्रेडी खरंच पाचगणीला शिकला का?

हो, यात दंतकथा काही नाही. त्याचं मूळ नाव फरोख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधल्या स्टोन टाउनचा. आईवडील, जेर आणि बोमी बुलसारा, गुजरातेतून तिकडे गेलेले पारशी. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये बोर्डिंगला ठेवलं. 'फ्रेडी' हे नाव शाळेतच पडलं, आणि पियानोही तिथेच हाताला लागला.

शाळेतल्या मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात तो मुख्य गायक नव्हता, मागे बसून पियानो वाजवायचा. पुढे लाखभर लोकांना नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर गायला लावणारा हा माणूस पाचगणीच्या शाळेत साथीदार होता!

'म्हणजे त्याला मराठी येत असणार' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घरात गुजराती, शाळेत इंग्रजी, असा त्याचा संसार होता. सातारा जिल्ह्यात राहिला म्हणून त्याला मराठी करून टाकायची गरज नाही.

५. पाचगणीला जातोय. बघण्यासारखं काय आहे?

सेंट पीटर्स ही चालू निवासी शाळा आहे, संग्रहालय नव्हे. फाटकाबाहेर गाडी लावून वर्ग चालू असताना आत डोकावू नका. बघायचंच असेल तर स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोला, जिनिव्हा तलावाच्या काठी फ्रेडीचा पुतळा आहे, १९९६ पासून. तिथे क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता. पाचगणीला टेबललँडवर वारा खा आणि कानात 'क्वीन टू' लावा.

६. तो भारतीय असल्याचं लपवत होता का?

या प्रश्नावर लोक तावातावाने लिहितात, दोन्ही बाजूंनी.

आधी त्याचा प्रवास नीट बघा. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर कुटुंब हातात मावेल तेवढं घेऊन इंग्लंडला गेलं आणि लंडनच्या कडेला फेल्टमला स्थायिक झालं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सावळ्या मुलाला रस्त्यात काय काय ऐकावं लागायचं हे तिकडच्या आपल्या जुन्या मंडळींना विचारा. मुलाखतींत तो बालपणाबद्दल फार बोलत नसे, हे खरं. बोर्डिंगमुळे लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकलो, अशा अर्थाचं तो बोलला आहे, पण तेवढंच. त्याच वेळी आईवडिलांशी आणि बहीण कश्मिराशी त्याचं नातं शेवटपर्यंत होतं, आणि त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.

माझं मत असं, की तो स्वतःला झांझिबारचा, मुंबईचा किंवा लंडनचा म्हणवून घेण्यापेक्षा 'फ्रेडी मर्क्युरी' या स्वतः घडवलेल्या माणसाचा जास्त होता. 'आपला फ्रेडी' म्हणताना मलाही बरं वाटतं. पण त्याने स्वतः जे ओझं खाली ठेवलं, ते आपण उचलून परत त्याच्या डोक्यावर देऊ नये.

७. 'बोहेमियन रॅप्सडी'चं एवढं कौतुक का? आणि ते बनवलं कसं?

पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. नुसत्या आवाजांची सुरुवात, मग पियानोवरचं संथ गाणं, गिटार सोलो, ऑपेरा, धडाडून येणारा रॉक, आणि शेवटी पुन्हा शांत होत जाऊन गाँगचा एक ठोका. ध्रुवपद असं नाहीच. १९७५ मध्ये रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांच्या वर गाणं चालत नाही, असं सगळे धरून चालायचे.

काम मुख्यतः वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं, निर्माता रॉय थॉमस बेकर. संगणक नाही, टेपवर फक्त चोवीस ट्रॅक. ऑपेराच्या भागात गर्दीचा वाटणारा आवाज हा फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचाच. एक ओळ गायची, तिच्यावर दुसरी चढवायची, ट्रॅक भरले की ते सगळे मिळून एका ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. दिवसाचे दहा-बारा तास, काही आठवडे. असे थर एकशेऐंशीच्या घरात गेल्याचं सांगतात. यंत्रावरून वारंवार फिरून टेपवरचा लेप इतका झिजला की उजेडात धरली तर आरपार दिसायचं, हे ब्रायन आजही सांगतो. आणि हो, 'गॅलिलिओ'मधला तो सर्वांत वरचा, काच फोडणारा स्वर फ्रेडीचा नाही. तो ड्रमर रॉजर टेलरचा आहे. पैज लावून जेवण कमवायला हा मुद्दा उत्तम.

रेकॉर्ड कंपनीला गाणं कापून हवं होतं, बँडने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटने ते एका वीकएंडला चौदा वेळा वाजवलं आणि सोमवारी लोक दुकानांत विचारत आले. ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिलं. त्याला त्या जागेवरून खाली खेचलं ते 'अ‍ॅबा'च्या 'मामा मिया'ने. रॅप्सडीच्या ऑपेराच्या भागातही 'मामा मिया' हेच शब्द आहेत, हा नियतीचा विनोद. फ्रेडी गेल्यावर १९९१ च्या अखेरीस ते पुन्हा निघालं आणि आणखी पाच आठवडे पहिलं राहिलं.

८. त्यात 'बिस्मिल्ला' का आहे? गाण्याचा खरा अर्थ काय?

झांझिबारसारख्या मुस्लिमबहुल बेटावर वाढलेल्या मुलाच्या कानावर तो शब्द रोजच पडत असणार, त्यात गूढ काही नाही. १९७८ च्या 'मुस्तफा'तही तो अशीच गंमत करतो. गाण्याचा अर्थ सांगायला फ्रेडीने कायम नकार दिला. त्यावर छातीठोकपणे अर्थ सांगणाऱ्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

९. ब्रायन मेची गिटार खरंच घरी बनवलेली आहे?

खरंच. १९६३ मध्ये ब्रायन शाळकरी होता, विकतची चांगली गिटार परवडण्यासारखी नव्हती. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर आणि हाताने पक्के कारागीर. दोघांनी मिळून साधारण दोन वर्षांत ती घरीच उभी केली. मान एका जुन्या फायरप्लेसच्या लाकडी चौकटीतून काढली. लाकडाला कीड लागली होती, ती भोकं काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. स्वर थरथरवणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, दांड्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं, पट्टीवरचे पांढरे ठिपके म्हणजे शिंपल्याची बटणं. हीच ती 'रेड स्पेशल'. क्वीनच्या जवळपास सगळ्या रेकॉर्डवर तीच वाजते. आणि तो ती प्लास्टिकच्या पिकने नाही, सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो.

दुसरी घरगुती वस्तू डीकनची. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर केला. 'गुड कंपनी' गाण्यात ट्रम्पेट-क्लॅरिनेटचा जुना जॅझ बँड वाजतोय असं वाटतं ना? तो सगळा ब्रायनची गिटार आणि हा डबा. सुरुवातीच्या अल्बमच्या वेष्टनांवर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं ते ठसठशीत छापत, ते याच अभिमानापोटी. १९८० च्या 'द गेम'पासून सिंथेसायझर आला आणि ती ओळ गेली.

१०. 'वुई विल रॉक यू'मध्ये ड्रम नाहीत म्हणतात, ते खरं?

खरं. ड्रम नाहीत, बासही नाही. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमधल्या कार्यक्रमानंतर लोक घरी जाईनात, उलट स्वतःच गायला लागले. ब्रायनच्या डोक्यात आलं, की इतक्या दाटीत उभा असलेला माणूस काय करू शकेल? पाय आपटेल, टाळी वाजवेल, गाईल. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चमध्ये, थोड्याशा माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले. त्या आवाजाच्या नकला ब्रायनने वेगवेगळ्या अंतराने मागे जोडल्या. ही अंतरं त्याने मूळ संख्यांवरून ठरवली, म्हणजे प्रतिध्वनी एकमेकांवर पडून घुमत नाहीत आणि अफाट जमाव असल्याचा भास होतो. पदार्थविज्ञानाचा माणूस बँडमध्ये असण्याचा असा फायदा.

आज वानखेडेपासून कुठल्याही गावच्या स्पर्धेपर्यंत हा ठेका वाजतो आणि वाजवणाऱ्याला क्वीनचं नाव माहीत असतंच असं नाही. माझ्या लेखी वारसा म्हणतात तो हा.

११. लाइव्ह एडमधल्या त्या २१ मिनिटांत एवढं काय होतं?

लाइव्ह एड म्हणजे इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला कार्यक्रम. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, समोर सुमारे ७२,००० लोक, संध्याकाळचं लख्ख ऊन. म्हणजे क्वीनचं नेहमीचं हत्यार, दिव्यांचा झगमगाट, हातात नाही. तिकिटंही त्यांच्या नावावर विकलेली नव्हती. त्यांनी काय केलं? आधी तालीम केली, आणि वाट्याला आलेल्या वेळेत भाषण न करता सहा गाणी ठासून बसवली. 'रेडिओ गा गा'ला अख्ख्या मैदानाचे हात एकदम वर जाऊन टाळी पडते ते बघा. त्यानंतर फ्रेडी नुसता 'एऽऽओ' असा आलाप देतो आणि जमाव तोच परत देतो. आपल्याकडे कीर्तनकार श्रोत्यांकडून नाव म्हणवून घेतो, त्या जातीचं ते काम आहे.

हा बँडचा एकमेव मोठा प्रसंग नव्हे, हेही सांगायला हवं. १९८१ मध्ये साओ पावलोच्या मोरुम्बी स्टेडियमवर एका रात्री १,३१,००० लोक होते.

१२. २०१८ चा 'बोहेमियन रॅप्सडी' चित्रपट किती खरा आहे?

फ्रेडीचं काम करणाऱ्या रॅमी मॅलेकला ऑस्कर मिळालं, ते योग्यच. इतिहास म्हणून मात्र बघू नका.

चित्रपटात फ्रेडीच्या एकट्याच्या अल्बममुळे बँड फुटतो आणि लाइव्ह एडला पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात बँड फुटलाच नव्हता. जानेवारी १९८५ मध्ये ते रॉक इन रिओला वाजवत होते, मेमध्ये जपानला. शिवाय एकट्याचा अल्बम आधी काढला होता रॉजरने, तोही दोन वेळा. फ्रेडीच्या आजाराचं (एचआयव्ही/एड्स) निदान लाइव्ह एडच्या आधी दाखवलंय, ते सर्वसाधारणपणे १९८७ मधलं मानलं जातं. रे फॉस्टर नावाचा तो कंपनीचा साहेब काल्पनिक. १९७४ च्या दौऱ्यात 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' वाजतं, जे निघालं १९७८ ला. 'वुई विल रॉक यू' मिशीवाल्या फ्रेडीसमोर १९८० मध्ये जन्माला येतं, म्हणजे खऱ्यापेक्षा तीन वर्षं उशिरा. शेवटची लाइव्ह एडची पंधरावीस मिनिटं झकास आहेत. पण मूळ चित्रण उपलब्ध असताना नक्कल का बघायची, हे मला कळत नाही.

१३. फ्रेडीने आजार का लपवला?

हा प्रश्न विचारताना १९८० च्या दशकातली वर्तमानपत्रं डोळ्यांपुढे आणा. एड्स झालेल्या माणसाच्या दाराशी कॅमेरे लावून बसत, आणि समलिंगी माणसाबद्दल तर काय वाट्टेल ते छापत. त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला निवेदन काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टनच्या घरी तो गेला. ४५ वर्षांचा होता. आधी बोलला असता तर लोकांना धीर मिळाला असता, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तो हक्क त्याचा वाटतो.

त्या काळात तो गात राहिला, ते मात्र रेकॉर्डवर आहे. 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्हज'चं चित्रण मे १९९१ चं, आणि कृष्णधवल ठेवलं ते त्याची खालावलेली प्रकृती झाकायला. 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं त्याला गाता आलं नाही, ते ब्रायनने गायलं. ते १९९५ च्या 'मेड इन हेवन'मध्ये आहे. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीत श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला आणि त्यातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट उभा राहिला. तो आजही चालू आहे.

१४. क्वीनवर बंदी का आली होती?

ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीला त्यांनी कार्यक्रम केले. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना. ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या युनियनने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. 'आम्ही राजकारणी नाही' हा बचाव मला पटत नाही, तेव्हाही तो लंगडाच होता. २००३ मध्ये नेल्सन मंडेलांच्या एचआयव्हीविरोधी मोहिमेसाठी केप टाउनला झालेल्या मोठ्या कार्यक्रमात ब्रायन आणि रॉजर पुढे होते, हे खरं. त्याने १९८४ पुसलं जात नाही.

१५. क्वीन भारतात आलं होतं का?

फ्रेडी असताना कधीच नाही. जपान १९७५, दक्षिण अमेरिका १९८१, पण मुंबई नाही.

१६. जॉन डीकन कुठे आहे?

आहे, आणि मजेत असावा. १९९७ मध्ये 'नो-वन बट यू' तिघांनी मिळून केलं, त्यानंतर तो संगीतातून बाजूला झाला. त्याला गाठायचा प्रयत्न करणाऱ्यांनी करू नये.

१७. मग आताचं क्वीन खरं का?

ब्रायन आणि रॉजर यांनी आधी पॉल रॉजर्सला बरोबर घेतलं, गेल्या दशकापासून अ‍ॅडम लॅम्बर्टला. दोन्ही वेळा नावात क्वीननंतर अधिकचं चिन्ह आणि गायकाचं नाव आहे, म्हणजे त्यांनी फसवलेलं नाही. लॅम्बर्ट फ्रेडीची नक्कल करत नाही, म्हणून मला चालतो. प्रश्न ३ मधली यादी पाहा. तिच्यातली साधारण एक तृतीयांश गाणी ज्यांनी लिहिली, त्यांनी ती गाऊ नयेत असं कोण म्हणणार?

१८. २०२४ मध्ये पहिला अल्बम पुन्हा निघाला. जुना ऐकू की नवा?

या एका बाबतीत नवा. १९७२ मध्ये दुसऱ्यांच्या रिकाम्या वेळेत स्टुडिओ वापरून तो रेकॉर्ड केला होता आणि ड्रम्सचा कोंदट आवाज बँडला तेव्हाही आवडला नव्हता. 'क्वीन वन' या नावाने ते सगळं नव्याने मिसळलं आहे आणि तेव्हा गाळलेलं 'मॅड द स्वाइन' मूळ जागी परत आलं आहे. बाकीच्या अल्बमना हा नियम लावू नका.

१९. कॉलेजच्या गॅदरिंगला 'बोहेमियन रॅप्सडी' बसवायची आहे. जमेल?

पूर्ण नाही जमणार, आणि त्यात कमीपणा नाही. खुद्द क्वीनला ऑपेराचा भाग स्टेजवर गाता येत नसे (कारण प्रश्न ७ मध्ये). ते चौघे आत निघून जात, टेप वाजे आणि रॉकच्या भागाला दिव्यांच्या लखलखाटात परत येत. तुम्हीही तेच करा.

पहिल्यांदाच स्टेजवर जात असाल तर 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' घ्या. म्युनिकच्या हॉटेलात आंघोळ करताना फ्रेडीला सुचलेलं गाणं, आणि त्याला स्वतःला गिटार जेमतेम येत होती, म्हणून कॉर्ड सोप्या आहेत. डी, जी, सी पक्क्या करा, बी फ्लॅटला बोटं अडखळतील, तेवढी आठवडाभर आधी घासून ठेवा. मध्ये एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबून नुसते आवाज उरतात. तिथे तिघं तरी सुरात गाणारे हवेत, ड्रमरसकट.